सोमवारचे पिवळे डोळे

मायाक्का चौथ्यांदा जिना चढून आली.

"उद्या भावकी बसणार हाय. सवतीच्या पोराला इख घालते म्हणून मला माहेरी धाडत्यात. कायतरी करा की!"

नवी पेठेतले खाजगी गुप्तहेर वीरभद्रप्पा आधीच वैतागले होते. तिच्या तेरा वर्षांच्या सावत्र मुलाचे, सिदूचे, डोळे दर सोमवारी पिवळे होत आणि गुरुवारपर्यंत निवळत. आठवडा गेला तरी विषाचा मागमूस नव्हता.

"विषच आहे," सहकारी महादेवप्पा म्हणाले.

"मग लघवी स्वच्छ कशी? विषानं कावीळ झाली असती तर ती गडद झाली असती. एवढं तुमच्या डोक्यात शिरत कसं नाही!"

दोघे सिदूच्या घरी गेले. आजी केराबाई तणतणत होती.

"गेल्या रविवारी ही मायाक्का माहेरी हुती, तरी डोळं पिवळं! जाताना चटणी करून ठिवली हुती की."

"सिदूनं खाल्ली?"

"रविवारी? खंडोबाचा उपास असतोय. पाण्याबिगर काय न्हाय. डोळं पिवळं झालं की मी काविळीचं पथ्य धरते. दोन दीस नुसतं ताक."

तेवढ्यात सिदूचा बाप ज्ञानबा गिरणीतून आला. दारातल्या उन्हात त्याचेही डोळे पिवळसर दिसले.

"दोन पाळ्या झाल्या. डबा उघडायलाबी सवड न्हाय."

वीरभद्रप्पांनी कपाळावर हात मारला आणि बापलेकांना डॉक्टरांकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी भावकी बसली.

"विष नाहीच," वीरभद्रप्पा म्हणाले. "मायाक्का नव्हती, चटणी खाल्ली नव्हती, तरी डोळे पिवळे झालेच. मग रविवारी काय घडतं? उपास. उपाशी राहिल्यावर बापाचेही डोळे पिवळे होतात. डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासलं. यकृत ठणठणीत, फक्त रक्तात पित्ताचा पिवळेपणा वाढलेला. ही ठेवण बापाकडून रक्तातच आलेली आहे. तिनं कुणी मरत नाही. मात्र पोट रिकामं राहिलं की ती डोळ्यांत दिसते."

"म्हंजी माझ्या पथ्यानं..." केराबाईनं विचारलं.

"वाढत होतं. पोराला उपाशी तुम्ही ठेवलं आणि बोल हिच्यावर आला."

मायाक्काला माहेरी धाडायचं रद्द करून भावकी उठली.

केराबाईनं सिदूला भाकरी वाढली. सिदूनं ताट मागे सारलं. मायाक्काच्या हातचं खायला त्याला गेल्या सोमवारपासून बंदी होती.

"मावशी," तो म्हणाला, "तू वाढ."

मायाक्का उठली, पण तिला ताट नीट दिसत नव्हतं. डोळे भरून आले होते.