बुक्क्याची खूण

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी उभे आहात तेही आत या, जागा होते. आज एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यात देवाचं नाव आहे, पाऊस आहे, खेकडे आहेत आणि लॅपटॉपही आहेत. हसू नका! भगवंताला दोन जीव एकत्र आणायचे असले, की तो हाताशी असेल ते सामान वापरतो.

तर सिंगापूर. साल दोन हजार सतरा. आपली भार्गवी पुण्याची. जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या बुकित बातोकच्या एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायला लागलेली, अजून प्रोबेशनवर. आणि नेमका तेव्हाच ऑफिसात व्हायरस शिरला. सगळे लॅपटॉप पुसून त्यांच्यावर विंडोज नव्याने घालावं लागलं.

"हे बघ," रवींद्र सर म्हणाले, "आपल्या नेटवर्कमध्ये तो अजून कुठे दडलाय, कुणाला ठाऊक. कोरा लॅपटॉप इथे जोडलास की गेलाच. बाहेर कुठेतरी ने, दुसऱ्या इंटरनेटवर सगळे अपडेट घाल आणि सोमवारी आण. एक जरी कच्चा आला, तर पुन्हा श्रीगणेशा! मग तुझ्या कन्फर्मेशनची गोष्ट मी वरच्यांकडे कुठल्या तोंडाने काढू?"

कन्फर्मेशन नाही म्हणजे नोकरी नाही. नोकरी नाही म्हणजे सिंगापुरात राहायचा पास नाही. आणि पास नाही म्हणजे बॅग भरा आणि चला घरी.

भार्गवी राहायची सुलेखाकाकूंच्या फ्लॅटमध्ये, एका खोलीत भाड्याने. तो ऑफिसपासून चालत जाण्याजोगा. शनिवारी सकाळी लॅपटॉपची ढकलगाडी घेऊन ती निघाली आणि इमारतीपाशी पोचते न पोचते, तोच आभाळ फाटलं. गाडीचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं ते अडकलंच.

इतक्यात… पाऊस थांबला. म्हणजे पडत होता, पण गाडीवर नाही. एक मोठी निळी छत्री लॅपटॉपवर धरून एक मुलगा उभा होता. स्वतः चिंब, गुडघ्यापर्यंत चिखल.

"छत्री यांना धरली तर चालेल ना?" त्याने मराठीत विचारलं. "तुम्ही वाळाल. यांचं सांगता येत नाही."

"मी मराठी आहे हे कशावरून?"

"चाकाला आत्ता जे काही म्हणालात त्यावरून."

भार्गवीचे कान लाल झाले.

लिफ्टमध्ये त्याने विचारलं, "कितवा मजला?" तिने सांगितला. तो हसला. "मीसुद्धा तिथेच. सुलेखाकाकूंच्या कीर्तनाला पेटी वाजवतो. मी निमिष. एरवी पुलाउ उबीन बेटावर चिखलात बसून खेकडे बघतो… नोकरीच ती. युनिव्हर्सिटी पगार देते!"

काकू दर शनिवारी दुपारी खिडक्या लावून, शेजाऱ्यांना आधी सांगून, हॉलमध्ये कीर्तन करायच्या. गाडी आत येताना पाहून त्यांनी पदर खोचला. "अगंबाई, एवढी यंत्रं! जेवायचं टेबल आज मला मोकळं हवंय हो. भिंतीशी सतरंजी घालते, तिथे बसव त्यांना रांगेने."

आणि बसली की मंडळी रांगेने! निमिष त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. त्याला सगळंच जाणून घ्यायचं होतं. हे काय डाउनलोड होतंय? मधेच बंद का पडतं? ऑफिसात जोडलं तर नेमकं काय होईल?

"व्हायरस लगेच पकडेल," भार्गवी म्हणाली. "नवं विंडोज अगदी भाबडं असतं. अपडेट मिळेपर्यंत त्याला बाहेरच्या जगात सोडायचं नाही."

त्याचे डोळे चमकले. "अहो, हे तर खेकड्यासारखं झालं! कात टाकली की तो मऊ पडतो. कुणीही खाऊन टाकेल असा. मग नवं कवच घट्ट होईपर्यंत बिळात गप्प बसतो."

"आणि त्याला कंटाळा येत नाही?"

"विचारलं नाही कधी." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला येतो?"

सिंगापूरला आल्यापासून भार्गवी ऑफिस आणि खोली सोडून कुठे गेली नव्हती… हे त्याला कसं कळलं? तिने मान खाली घालून उगाच एक कळ दाबली.

काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "झालेलं कुठलं नि राहिलेलं कुठलं, गोंधळ होईल गं! झाल्यावर खूण कर काहीतरी. माझ्याकडे बुक्का आहे बघ, तोच लाव बोटभर."

कल्पना भार्गवीला आवडली. निमिष तेव्हा पेटी काढायला आतल्या खोलीत गेला होता. हे लक्षात ठेवा, श्रोतेहो, इथेच गोष्टीचं बीज आहे! एकेक लॅपटॉप पुरा होई, त्याच्या झाकणावर ती काळं सुगंधी बोट टेकवी आणि तो मिटून ठेवी.

कीर्तन सुरू झालं. पेटीवरची त्याची बोटं आणि मधूनच तिच्याकडे वळणारी नजर. पूर्वरंग रंगात आला आणि भार्गवीचा फोन थरथरला. रवींद्र सर. सर्व्हर पुन्हा अडलाय, तासाभरासाठी ये. रांगेतले शेवटचे चार राहिले होते. ती काकूंच्या कानाशी वाकली, "पडद्यावर 'पूर्ण' आलं की तेवढा बुक्का लावून मिटाल का?"

"कीर्तन संपलं की बघते," टाळ न थांबवता काकू म्हणाल्या.

संध्याकाळी ती परतली तेव्हा श्रोते पांगले होते, निमिषही गेला होता. दाराशी त्याची निळी छत्री तेवढी राहिली होती. सगळे लॅपटॉप मिटलेले, सगळ्यांना बुक्का लागलेला. काकूंनी काम चोख केलं म्हणायचं!

सोमवारी सकाळी ऑफिसात तिने सगळे टेबलांवर मांडले. रवींद्र सर पाठीशी उभे. पहिला लॅपटॉप उघडून तिने नेटवर्कची केबल हातात घेतली, तोच दार धाडकन उघडलं.

"थांबा! जोडू नका!"

निमिष. घामाने निथळत होता आणि पायात काकूंच्या घरातल्या सपाता.

"हे कोण?" रवींद्र सरांनी विचारलं.

"खेकडेवाले," भार्गवीच्या तोंडून निघून गेलं.

निमिष धापा टाकत म्हणाला, "चूक माझी आहे, सर. यांची नाही. मी आत्ता छत्री न्यायला गेलो होतो. काकू म्हणाल्या, भार्गवीनेच जाण्याआधी सगळ्यांना खूण केलेली दिसली, माझं काम वाचलं. मी म्हटलं, कसली खूण? तो बुक्का तर… काहींना आधीच होता, उरलेल्यांना मी लावला. मध्यंतरात. सगळ्या श्रोत्यांना लावतो तसा. आणि उघडे होते ते मिटले, आवाज करत होते म्हणून. काकूंचा दंडक आहे, रांगेत बसलेल्या कुणाला वगळायचं नाही."

भार्गवीने केबल खाली ठेवली. एकेक लॅपटॉप तपासला. चार कच्चे निघाले.

रवींद्र सरांनी ते चार उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "जोडायच्या आधी समजलं ना? मग निस्तर. आजच्या आज. आणि भार्गवी, पुढच्या वेळी खूण म्हणून स्टिकर लाव!"

परतीच्या वाटेवर गाडी निमिष ढकलत होता आणि भार्गवी दोन पावलं पुढे चालत होती, रागाने.

"माझा पास गेला असता, कळतंय तुम्हाला?"

"म्हणून तर धावलो."

"आणि लॅपटॉपला बुक्का लावतं का कुणी? इतके का तुम्ही भाविक?"

तो थांबला. गाडीही थांबली.

"खरं सांगू? मी… तुम्हाला शोधत होतो. सगळ्यांना लावून झाला आणि तुम्ही कुठेच नाही. डबी हातात तशीच राहिली. मग तुमची ही मंडळी दिसली. म्हटलं, ती नाही तर तिची माणसं तरी…" त्याने मान खाली घातली. "त्या दिवशी एकच कपाळ राहून गेलं."

भार्गवीला हसू यायला नको होतं. आलं.

घरी काकूंनी सतरंजी पुन्हा अंथरली. चार लॅपटॉप पुन्हा रांगेत बसले. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागला आणि या वेळी दोघांनाही त्याची घाई नव्हती. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, बुक्क्याची डबी दोघांच्या मधे ठेवली आणि म्हणाल्या, "मध्यंतर झालंय, निमिष. राहिलेल्यांना लाव." आणि भाजी निवडायला आत निघून गेल्या.

"लावू?" त्याने विचारलं.

"कवच घट्ट झालंय का, ते नाही विचारणार?"

"नको. तुला वाटेल तेव्हा सांग. मी थांबतो. चिखलात थांबायची सवय आहे मला."

भार्गवीने डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

ती दोघं आता सिंगापुरातच, पुंगोलला राहतात. सुलेखाकाकू मात्र आता या जगात नाहीत. त्यांचे टाळ निमिषच्या पेटीवर ठेवलेले असतात. तेव्हा श्रोतेहो, एवढंच मागणं: पुढे कधी कीर्तनात बुक्क्याची डबी तुमच्या हाती आली, तर मागे वळून बघा, कुणाचं कपाळ राहिलंय का. आणि लावताना सुलेखाकाकूंची आठवण काढा.