नावेतली पुढची जागा

गुहेच्या तोंडाशी आलं की हाक द्यायची, हे तोबिउरा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आपल्या नावेचं नाव घेऊन ओरडायचं. आतून उत्तर आलं तर बाहेर थांबायचं. एवढं साधं... आणि त्या सकाळी चिनामी आपली नाव गुहेतून मागच्या मागे बाहेर काढत असताना एक लालभडक कयाक, एकट्यानं चालवायची निमुळती होडी, मुकाट्यानं आत शिरली आणि धाडकन तिच्या नावेवर आदळली.

"तोंडाला कुलूप लावून फिरता का?" चिनामी म्हणाली.

कयाकमधल्या तरुणानं डोळ्यांवरचे ओले केस मागे सारले, वर पाहिलं... आणि हसला. हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

"चुकलंच. आमच्या गोतो बेटांवर गुहेत कोणी बोलत नाही. मासे पळतात."

"इथे माणसंही असतात."

"ते दिसलं," तो म्हणाला. "छानच दिसलं."

चिनामीनं वल्हं असं मारलं की त्याच्या तोंडावर खारं पाणी उडालं. मग गावाकडे परतताना अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं, की आपण स्वतःशीच हसतोय. तिनं लगेच तोंड आवरलं.

त्याचं नाव रेईजी. हा किनारा राखीव आहे, त्याची राखण करायला आलेला नवा रक्षक. कड्यांवरची पाखरं मोजायची, गुहांत कोणी इंजिन घेऊन शिरत नाही ना ते बघायचं, हे त्याचं काम. बाकीच्या घरांनी वल्ह्याच्या नावा केव्हाच मोडीत काढल्या होत्या. उरली होती ती एक, हामाजींच्या, म्हणजे चिनामीच्या घरची. आणि त्या नावेचा तोरा चिनामीच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. का नसावा? या किनाऱ्यावरची प्रत्येक गुहा तिला आपल्या स्वयंपाकघरासारखी माहीत होती.

एक सोडून. तिला गावात 'पोट' म्हणतात. आधी 'घसा' नावाची चिंचोळी वाट लागते, ती कोपरासारखी वळते, आणि मग पोट. त्या वळणावर मागे उभं राहून वल्हं मारणाऱ्याला फक्त काळा कातळ दिसतो. म्हणून पुढे एक जण बांबू घेऊन बसतो. पुढच्यानं सांगायचं, मागच्यानं ऐकायचं. का, कशाला, विचारायचं नाही.

पोटाच्या छतातून गोडं पाणी ठिबकतं. उन्हाळ्यातल्या जत्रेला तेच पाणी देवाला लागतं, आणि ते आणायचा मान हामाजींचा. वडील मागे, आई पुढे, असं वर्षानुवर्षं चाललं. मग वडिलांचा खांदा गेला, पोटात जाणं थांबलं, आणि तीन वर्षं देवाला नळाचं पाणी. गावात कोणी तोंडावर बोलत नव्हतं, पण चिनामीला देवळापुढून जाताना मान खाली घालावी लागे. यंदा तर पुजाऱ्यांनी सांगूनच टाकलं होतं, "या खेपेला नाही जमलं, तर ही रीत बंद करू."

पुढे बसायला माणसं मिळत नव्हती असं नाही. दोन जण गुडघ्याला बाशिंग बांधून तयार होते. पण तोबिउरात नावेच्या पुढच्या जागेवर बसणं म्हणजे लग्नाला होकार. त्या जागेवर नवरा नाहीतर बायकोच बसते. चिनामीनं दोघांनाही वाटेला लावलं होतं.

आणि एका सकाळी रेईजी धक्क्यावर आला.

"पोटात पाकोळ्या घरटी करतात का, ते बघायचंय मला. न्याल?"

"एकटीनं जाता येत नाही तिथे."

"एवढंच ना? मग मी बसतो पुढे."

धक्क्यावर माकुल मासळी वाळत घालणाऱ्या फुसाए मावशींच्या हातातलं माकुल खाली पडलं. जाळी विणणारे हात थांबले. या खुळ्याला आपण काय बोललो याचा पत्ताच नव्हता. त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं... पण चिनामीच्या डोळ्यांपुढे देवळातला तो नळ आला.

"बसा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फुसाए मावशींनी रक्षकाच्या चौकीवर लाल घेवड्याचा भात पाठवला. हा भात शुभकार्याचा. रेईजीनं तो चाटूनपुसून खाल्ला म्हणे. चिनामीला रात्रभर झोप नाही.

मग बंधाऱ्याबाहेर, गावाच्या नजरेआड सराव सुरू झाला. त्याच्या हातात बांबू, तिच्या हातात वल्हं.

"डावीकडे."

"मला कळतं."

"कळत असतं तर मी कशाला बसलो असतो इथे?"

"पाकोळ्यांसाठी बसलाय तुम्ही."

"हो, हो. पाकोळ्यांसाठीच..." तो मागे वळून म्हणाला, आणि इतकं गोड हसला की चिनामीचं वल्हं कातळावर खरवडलं.

"बघितलंस? डावीकडे म्हटलं होतं."

तो केव्हा 'अगं-तुगं'वर आला, तिनं हटकलं नाही. मात्र हुकूम ऐकायचा म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. हामाजींची पोर, आणि कालच्या पाहुण्याचं ऐकायचं?

जत्रेच्या सकाळी समुद्र वरून शांत होता, पण आतून फुगत होता. दूर दक्षिणेला कुठेतरी वादळ होतं. घशापर्यंत दोघं बोलत आली, मग बोलणं बंद झालं. वळण आलं. समोर काळोख, आणि त्याच्या पलीकडे अंधुकसा निळा उजेड. पोट... हाकेच्या अंतरावर.

"मागे," रेईजी म्हणाला.

चिनामीचे हात थबकले. आणखी चार हात मारले की पोहोचलो. मागे म्हणजे पुन्हा नळाचं पाणी. मागे म्हणजे सगळं गाव बघणार. एका श्वासाचा खेळ होता तो. तिनं दात खाल्ले आणि जीव खाऊन वल्हं मागे ओढलं.

नाव वळणाबाहेर आली आणि घशात पाणी छतापर्यंत चढलं. कातळ दणाणला. नाव तिथे असती तर फळी सापडली नसती.

रेईजीनं मागे वळून पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ऐकलंस तू," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं."

"मलाही," चिनामी म्हणाली.

त्यांनी वाट पाहिली. समुद्रानं दम खाल्ला तेव्हा तो "चल" म्हणाला आणि ती गेली. पोटात पाणी आतून दिवा लावल्यासारखं निळं होतं. छताच्या खाचांतून पाकोळ्या चिवचिवत होत्या. तो घरटी मोजायची सोडून वर बघत राहिला, आणि चिनामी त्याच्याकडे. मातीची घागर थेंबथेंब भरली. तिचा ऊर असा भरून आला की तिला हसावं की रडावं कळेना.

परतताना बंदराच्या बंधाऱ्यापाशी तिनं नाव थांबवली.

"इथे उतरा."

"का?"

"धक्क्यावर पुढे बसून गेलात तर..." ती वल्ह्याकडे बघत म्हणाली. "आमच्याकडे त्याचा अर्थ लग्न होतो. मी सांगायला हवं होतं. मान माझ्या घराचा होता, तुमच्या गळ्यात काही पडायला नको. इथे उतरलात तर कोणी नावं ठेवणार नाही."

रेईजी घागर मांडीत घेऊन बसला होता. तो हलला नाही.

"फुसाए मावशींनी भाताबरोबर सगळं सांगून टाकलं होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि गप्प बसलात?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. रोज वाटायचं, आज सांगेल..." तो थांबला. "चिनामी, मी आपणहून नाही उतरणार. तुला नको असेन तर तसं सांग. घागर ठेवतो आणि पोहत जातो."

कुणाकडे काही मागायची सवय नव्हती ना हामाजींच्या घराला. तिनं वल्हं उचललं आणि नाव सरळ धक्क्याकडे काढली.

"हे काय समजायचं मी?" त्यानं हळूच विचारलं.

"घागर नीट धरा. सांडेल."

धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. वडील दुखरा खांदा धरून पुढे उभे होते, आई त्यांच्या बाजूला. पुजारी पायऱ्या उतरून आले, घागरीत बोट बुडवून जिभेला लावलं, आणि डोळे मिटले.

"गोडं आहे," ते म्हणाले. "पोटातलंच. कोणी आणलं?"

पूर्वी दर वर्षी उत्तर ठरलेलं असे. हामाजींच्या नावेनं. वडिलांनी तसं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा, पण चिनामी पुढे झाली. कपाळावर मिठाचे डाग, हाताला फोड, आणि मान अशी ताठ की तीन वर्षांचं सगळं भरून निघालं.

"मागे मी होते," ती सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "पुढे माझा माणूस होता."

रेईजी घागर पुजाऱ्यांच्या हाती देऊन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. चिनामीनं मग त्याचा हात धरला आणि देवळाच्या पायऱ्या चढायला लागली.