बारावा रोहू

तिसऱ्यांदा मोजले तरी मासे अकराच भरले. भूपेशच्या तोंडचं पाणी पळालं.

आरमोरीजवळच्या या गावात नॉर्वेच्या मदतीनं रोहूचं सुधारित बीज तयार होत होतं. पाठीवर क्रमांकाची चकती लावलेले बारा मोठे मासे टाकीत जपले होते. त्याच दिवशी दुपारी चारला नॉर्वेच्या वकिलातीचे लोक ते बघायला येणार होते. त्यांचं समाधान झालं, तरच आणखी दहा गावांना मदत मिळणार होती.

प्रकल्प अधिकारी भूपेशनं चंद्रपूरहून खासगी गुप्तहेर दामिनीला बोलावलं. पण ती पोहोचायच्या आतच 'चौकीदार मनसारामनं मासा विकला' असं वकिलातीला कळवून तो मोकळा झाला होता. धीर धरणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"मग माझं काय काम?" दामिनीनं विचारलं.

"कबुली काढून द्या."

दोघं तलावावरून निघाली. उन्हाळ्यात तलाव पार आटला होता. नव्यानं सोडलेली माशांची पिल्लं, बोटुकली, अजून बोटाएवढीच होती.

मासे विकणारा लच्छू तलावाच्या बांधावर भेटला. दामिनीनं त्याला चोरीचं विचारलं.

"मी काऊन चोरू, ताई? चकतीवाला मासा कोन घेईन? गावात ताजा मासा हायच कुठी? आंध्राचा बर्फातला येऊन राह्यला, तोच विकतो."

मनसाराम टाकीपाशी हात जोडून उभा होता. "मीच काढला जी. मागच्या सोमवारी. मले कामावरून काढून टाका."

"विकला कोणाला?" दामिनीनं विचारलं.

तो खाली बघत राहिला. भूपेशनं विजयी मुद्रेनं दामिनीकडे पाहिलं.

मनसारामला घेऊन दोघं त्याच्या घरी आली. त्याची बायको गोकुळा चुलीपाशी होती. तिला बघताच भूपेशची कळी खुलली. "हिच्या हाताला काय चव आहे! ओस्लोच्या तज्ज्ञांना घेऊन इथंच जेवलो. रोहूचा रस्सा, आणि मुंडकं एवढं, की ताटात मावेना. बर्फातल्या माशाला ती चव नाही."

"कधी जेवलात?"

"मागच्या सोमवारी."

दामिनी गोकुळाकडे वळली. "मनसारामभाऊंनी मासा विकला?"

"विकला नाई, बाई."

"मग गेला कुठं?"

गोकुळानं क्षणभर भूपेशकडे पाहिलं आणि पदर पुढं ओढला. "आमी मासे धरनारे ढिवर लोकं. पाहुन्याच्या ताटात वाढलं, ते मंग तोंडानं काढत नाई."

दामिनी खाटेवर बसली. "भूपेशराव, जेवणाचं कसं सांगितलं होतंत?"

"मनसारामला फोनवर. म्हटलं, परदेशी पाहुणे आहेत. बाजारचा नको. गावातलाच ताजा, मोठा..."



"तलावात बोटाएवढी पिल्लं," दामिनी शांतपणे म्हणाली. "बाजारात बर्फातला मासा. तुम्ही जेवलात तो ताजा होता, ताटात न मावणारा होता. असे मासे गावात एकाच टाकीत आहेत. तुम्ही जेवलात सोमवारी, मासा काढला सोमवारी. मनसारामभाऊंनी काढल्याचं कबूल केलं, पण गिऱ्हाइकाचं नाव सांगता येईना, कारण गिऱ्हाईक नव्हतंच. साहेबांचा हुकूम होता, घरी पाहुणे होते. बारावा मासा तुम्ही खाल्लात."

भूपेशचे कान तापले. ते मुंडकं त्यानं मिटक्या मारत चोखलं होतं, वर फोटोही काढून घेतला होता. एवढा मासा आला कुठून, हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

"मनसारामभाऊ," पहिल्यांदाच त्याच्या तोंडून भाऊ निघालं, "मी सकाळपासून चोर म्हणतोय. बोलला का नाहीत?"

"तुमी आमच्या घरी जेवले, साहेब. जेवलेल्या मानसाले कसं म्हनावं, का तुमीच खाल्ला?" मनसाराम संकोचून म्हणाला, जणू चूक त्याचीच होती. "हिनंच तं चकती काढून धुऊन ठेवली. तुमाले दाखवाची हिंमत नाई झाली."

भूपेशला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले. मोबाइल काढून त्यानं सकाळचा संदेश उघडला. मनसारामचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं त्यानं नीट लिहिलं होतं.

"मी मेल पाठवून खुलासा करतो," तो पुटपुटला.

"मेल नको," दामिनी म्हणाली. "तोंडानं."

हॉर्न ऐकून गाव गोळा झालं, आणि अंगणात वकिलातीची बाई उतरली. तिच्यासोबतच्या दुभाष्यानं विचारलं, "यातला चोर कोण?"

मनसारामनं सवयीनं हात जोडले. भूपेशनं ते धरून खाली केले आणि सगळ्या गावासमोर एक पाऊल पुढं टाकलं.