चढावरची जीप

आमची पहिली भेट भांडणातच झाली.

रिसोडच्या बाजारात मी सायकलला सामान बांधत होते. कॅरियरवर अर्धा कट्टा, म्हणजे पंचवीस किलो साखर, तिच्यावर तेलाचा पिपा, हँडलला दोन्हीकडे साबण-चहापत्तीच्या पिशव्या. मागे ओझं जास्त झालं की पुढचं चाक उचलतं, म्हणून पुढेही वजन लागतंच. गावातलं आमचं किराणा दुकान माझ्या या सायकलवर चालतं, आणि त्याचा मला भारी तोरा आहे.

“वैजयंती ना तू? टाक ना जिपीवर. पैसे नाई घेत.”

आमच्या रस्त्यावर जीप चालवणारा पवन. डोळे नको तितके हसरे...

“काहून? मले हात नाईत?”

“हायेत ना. तेच पाहून राह्यलो!”

मी रबरी ट्यूब इतक्या जोरात आवळली, की तोच पाऊलभर मागे सरला.

मग दर बाजारी तो विचारायचा, मी नाही म्हणायचे. खरं सांगू? तो दिसायच्या आधी मी हळूच वेणी सारखी करून घ्यायचे. जीव जडला होता माझा त्याच्यावर. पण धाकधूकही होती. दिवाळीनंतर एक चांगलं स्थळ आलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की सुनेनं सायकलवर ओझी वाहायची नाहीत. मी तिथल्या तिथे नकार दिला. पवनच्या घरचेही तसंच म्हणाले तर? त्याला नकार देणं मला जमलं नसतं.

गेल्या बाजारी गावाअलीकडच्या चढावर मी उभ्यानं पायडल मारत होते. मागून पवनची जीप आली. पण ना हॉर्न, ना पुढे जाणं — माझ्याच चालीनं मागे मागे!

“अबे पवन्या, बैलगाडी हाकून राह्यला काय?” आतले प्रवासी ओरडत होते.

माझी कीव करतो? मी मुळीच उतरले नाही. वर पोचले, सायकल रस्त्यात आडवी लावली.

“पुढं काहून नाई गेला? मी पडीन म्हणून?”

“नाई गं...” तो खाली उतरला. पहिल्यांदाच लाजलेला दिसला. “आई बसली हाये जिपीत. तिले दाखवून राह्यलो होतो.”

“काय?”

“तिची सून.”

तेवढ्यात त्याची आई, सीताबाई, उतरल्या. सायकलभोवती फिरल्या, साखरेचा कट्टा ढकलून पाहिला — तो जागचा हलला नाही. त्या काही बोलायच्या आतच मी सांगून टाकलं, “मावशी, सायकल मी सोडणार नाई.”

“नको सोडू वं. मी तं साऱ्या गावाले मिरवून सांगीन.” त्या हसल्या. “अन् पवनले?”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून उभा...

“त्याले बी नाई!” मी म्हटलं, जीपमधल्या मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.