वाईट बातमीचं पत्र

मुलाखती घ्यायला कारखान्याचे मोठे साहेब यायचे होते. ते आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी एक सडपातळ तरुण वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला – हातात निथळणारी छत्री, आणि ती कुठे ठेवावी हे काही केल्या सुचेना.

"त्या बादलीत ठेवा," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "आमचं छत गळतं, त्यामुळे बादली कायमची आहे."

मुलं बाई म्हणायची म्हणून तिला वयस्क समजू नका. तिला अठ्ठावीस पुरी झाली नव्हती, आणि बाहीला खडूची भुकटी लागली की ती मुलींसारखी फुंकर मारून उडवायची. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या मुलांना ती व्यवसाय शिक्षण शिकवायची. पुस्तक नावापुरतं, बाकी सगळं हाताने करून बघायचं. पत्र लिहा, फोन घ्या, कोपऱ्यातलं वह्या-पेनांचं दुकान चालवा, आणि वर्षातून एकदा बाहेरच्या खऱ्या माणसासमोर नोकरीची लुटुपुटूची मुलाखत द्या. पहिल्याच तासाला ती सांगून ठेवायची, "इथे काय वाटेल ती चूक करा. इथल्या चुकीने कुणाची नोकरी जात नाही."

त्या दिवशी मात्र खरा माणूस बघून मुलांची बोबडी वळली. पहिलं कोण जाणार म्हटल्यावर सगळे जमिनीकडे बघायला लागले. शेवटी वैतागून तीच उमेदवाराच्या खुर्चीत जाऊन बसली.

"विचारा मला. बघू देत त्यांना, कसं असतं ते."

तो गडबडला. पेनचं टोपण काढलं, परत लावलं, घसा साफ केला. "आधीची नोकरी का सोडताय?"

"सोडत नाहीये. पगार कमी आहे, पण माणसं बरी आहेत."

"तुमच्यातला एखादा दोष?"

"रागावले की बोलत नाही."

"किती दिवस?"

"ते समोरचा किती शहाणा आहे त्यावर."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. त्याने कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. "आणि… लग्न झालंय?"

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुलांकडे वळली. "लिहून घ्या. हा प्रश्न मुलाखतीत विचारायचा नसतो. विचारलाच तर उत्तर द्यायचं नाही."

त्याचे कान लालबुंद. पण भिडस्त दिसणारी माणसं काही कमी नसतात हो. जाताना बादलीतून छत्री उचलता उचलता हळूच म्हणाला, "मग कुठे विचारायचा असतो?"

"…बसथांब्यावर," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर स्वतःच दचकली.

झालं. दर गुरुवारी शेवटच्या तासाला तो वर्गात येऊ लागला. कारखान्याच्या कार्मिक विभागात होता तो. कामगारांच्या नेमणुका, रजा, बदल्या, सगळे कागद त्याच्या टेबलावरून जायचे. काचेच्या बाटल्यांचा कारखाना, आणि निम्म्या वर्गाची घरं त्याच्यावर चालायची. मुलांनी त्याचं नाव 'मुलाखतवाले' ठेवलं. तास सुटला की दोघं थांब्यापर्यंत चालत जायची. एका छत्रीत चालायचं कसं हे दोघांनाही येत नव्हतं – त्याचा उजवा खांदा भिजायचा, तिचा डावा. चार गुरुवारांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. सहाव्या गुरुवारी तिच्या बाहीवरची भुकटी त्याने स्वतःच्या हाताने झटकली, आणि तिने हात मागे घेतला नाही.

त्याच दिवशी त्याने विचारलं, "वाईट बातमी पत्रात कशी द्यायची, हे शिकवतेस का गं?"

"शिकवते की. मुलांना सगळ्यात जड जाणारा धडा आहे तो."

"मग या वेळी विषय मी देऊ?"

तिला काय, आनंदच झाला. पुढच्या गुरुवारी त्याने फळ्यावर लिहिलं – तुमच्या कंपनीचा एक विभाग बंद होतो आहे. वर्षानुवर्षं तिथे काम केलेल्या माणसाला कळवा. मग तिने समजावलं. गोड बोलून फसवायचं नाही, आणि पहिल्याच ओळीत डोक्यात धोंडाही घालायचा नाही. तो माणूस हे पत्र घरी नेऊन वाचणार आहे, बायकामुलांसमोर, एवढं ध्यानात ठेवून लिहा.

सरावाच्या पत्रावर मुलं स्वतःचं नाव घालत नसत. खाली 'कार्मिक अधिकारी' असं लिहून सही ठोकायची, ही त्या वर्गाची रीत. त्यामुळे कोणतं पत्र कुणाचं हे फक्त तिला कळायचं, अक्षरावरून. सगळ्यात सुरेख पत्र 'मॅनेजर'चं होतं. मॅनेजर म्हणजे कोपऱ्यातलं दुकान सांभाळणारी उंच मुलगी, जिच्याकडून पेन्सिल उधार मागायची बाईंचीसुद्धा टाप नव्हती.

"यातलं सगळ्यात चांगलं मला दे ना," तो थांब्यावर म्हणाला. "ठेवून देतो जवळ."

तिने दिलं. केवढ्या अभिमानाने दिलं म्हणून सांगू… स्वतः लिहिल्यासारखं.

दोन आठवड्यांनी, एका शनिवारी, कारखान्याचा तपासणी विभाग बंद झाल्याची पत्रं घरोघर गेली. एकशे चाळीस माणसं. तिला ते त्यानेच सांगितलं, उतरलेल्या चेहऱ्याने. वरून निर्णय आला, आपल्या हातात काय असतं… तिने त्याचा हात हातात धरून ठेवला. उलट तिलाच त्याची दया आली. वर्गात सात-आठ मुलं चार दिवस आली नाहीत. गावात आरडाओरडा होईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण कारखान्याच्या गेटवर चिटपाखरू फिरकलं नाही.

पुढच्या गुरुवारी तो थांब्यावर वेगळाच दिसला. "बढती दिलीय मला. दुसऱ्या शहरात, मोठ्या कचेरीत. सगळं शांतपणे पार पाडलं म्हणून." मग तिच्याकडे न बघता, "चलशील का गं? लग्न करून… रविवारपर्यंत सांग."

ती त्या संध्याकाळी घरी गेली ती चालत नव्हतीच, तरंगत होती. हो म्हणायचं ठरलंच होतं तिचं. नुसतं रविवारपर्यंत त्याला थोडं टांगून ठेवायचं, एवढंच.

शुक्रवारी मॅनेजर वर्गात आली. सगळे गेल्यावर टेबलाशी आली आणि एक कागद पुढे ठेवला. कारखान्याचं नाव, शिक्का, खाली कार्मिक अधिकाऱ्याची खरी सही. त्याची.

"वाचा, बाई."

तिने वाचलं. 'हे पत्र तुम्ही घरच्यांसमोर वाचत असाल, म्हणून आधी त्यांना सांगतो. यात तुमच्या माणसाची काही चूक नाही.' पुढेही सगळं मुलीच्या सरावाच्या पत्रातलंच. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही.

"बाबांनी जेवताना मोठ्याने वाचलं," मुलगी म्हणाली. "दुसऱ्या ओळीला मला कळलं. मी काही बोलले नाही… बोलू काय?"

त्या संध्याकाळी, गुरुवार नसतानाही, तो थांब्यावर हसत उभा होता. तिने कागद त्याच्या छातीशी धरला.

त्याने लपवालपवी केली नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. "कचेरीचा मसुदा दोन ओळींचा होता गं. 'उद्यापासून येऊ नये.' मला असलं पत्र पाठववेना. आणि चांगलं लिहिता मला येत नाही."

"ती मुलं कुणासाठी पत्रं लिहितायत, हे तुला माहीत होतं."

"हो."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं." तो खाली बघत राहिला. "कुणाची कोणती मुलगी, ते नव्हतं माहीत. शपथ घेऊन सांगतो. पण त्यांच्यातलंच कुणीतरी लिहील आणि ते मनापासून लिहील… एवढं माहीत होतं."

तिला रडू आलं. रागाचं नव्हतं ते. तिने त्या मुलांना सांगितलं होतं, इथल्या चुकीने कुणाची नोकरी जात नाही म्हणून. त्यांनी विश्वास ठेवला होता.

"रविवारी माझ्याबरोबर यायचं," ती म्हणाली. "तिच्या घरी. तिच्या वडिलांना तू स्वतः सांगायचंस. मग मी काय ते उत्तर देईन."

आला तो. तेही त्याच्या बाजूने सांगते. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, दाराशी चपला नीट ओळीत. मॅनेजरचे वडील एकोणीस वर्षं बाटल्या उजेडासमोर धरून तडे शोधत आलेले. बोलतानाही समोरच्याकडे डोळे बारीक करून बघायचे. त्याने सगळं सांगितलं, उभ्यानेच. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

वडिलांनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग मुलीकडे वळले. "तू लिहिलंस?"

तिने मान हलवली.

"छान लिहिलंस गं." ते खरंच कौतुकाने म्हणाले, म्हणून ऐकवेना. "सोमवारी गेटवर जायचं ठरलं होतं आमचं. सगळ्यांनी. मीच म्हटलं, राहू द्या. ज्याने एवढं माणुसकीने लिहिलंय, त्याच्याशी काय भांडायचं?" मग त्याच्याकडे बघून, अगदी साधेपणाने, "गेलो असतो तर काही झालं असतं का हो साहेब?"

खोटं बोलायला ती वेळ फार सोयीची होती. तो नाही बोलला खोटं.

"मोठ्या साहेबांनी दुसरा कागद तयार ठेवला होता," तो म्हणाला. "गर्दी झालीच तर विभाग अजून वर्षभर चालवायचा म्हणून. पण… कुणी आलंच नाही."

मुलगी आत निघून गेली.

बाई त्याला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. खाली कुणाच्या तरी घरी रेडिओ चालू होता. "शिव्या घाल मला," तो म्हणाला. "काहीतरी बोल."

"प्रेम आहे माझं तुझ्यावर," ती म्हणाली. "ते काही शुक्रवारी गेलं नाही, आणि आजही जाणार नाही. काल रात्री जाण्याची बॅग काढून बघितली मी, कुठली न्यायची म्हणून… इतकी मूर्ख आहे मी."

"मग चल ना."

"तू चांगलं काही बोललास की यापुढे मी विचार करत बसेन. हे कुणाकडून आणलं याने, आणि याच्यामागे काय झाकलंय. रोज, जेवतानासुद्धा. असा संसार होतो का रे?"

जाता जाता तिच्या बाहीकडे त्याचा हात गेला, पण रविवार होता, बाहीवर काही नव्हतं. तो खाली उतरला. तिने पावलं मोजली नाहीत, पण शेवटचं पाऊल ऐकू येईपर्यंत ती हललीही नाही.

आत आली तेव्हा मॅनेजर ओट्याखाली फरशीवर बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. डोळे कोरडे होते. तिने मान वर केली.

"बाई, मी वाईट लिहिलं असतं तर बाबा गेले असते ना गेटवर?"

इतकी वर्षं तिने या मुलांना कसलीकसली उत्तरं तयार करून दिली होती. ती खाली बसली, मुलीच्या खांद्याला खांदा लावून, आणि म्हणाली, "हो."