पाठीमागची बाई

दिवा जरा अलीकडे सरकव. आणि ती उशी घे पाठीला, सातव्या महिन्यात असं ताठ बसून कसं चालेल? तू विचारलंस ना, ‘मावशी, बाळंतपण कुठे करू? मोठ्या हॉस्पिटलात, की सिस्टरांच्या प्रसूतिगृहात?’ सांगते. पण आधी आमच्या जुन्या प्रसूतिगृहातली एक दुपार ऐक. घाबरू नकोस हं. वाईट काही असतं तर ते बंद होईपर्यंत मी तिथे टिकले असते का?

छोटंसंच होतं गं ते. वस्तीच्या टोकाला एक बैठं घर, मोजक्या खाटा, एक लांब पडवी. कळा सुरू झालेल्या बाया कमरेवर हात ठेवून त्या पडवीत फेऱ्या मारायच्या आणि नवऱ्यांचा उद्धार करायच्या. आत चुलीवर कायम पाणी उकळत असायचं. साबणाचा, उकळलेल्या कपड्यांचा वास अजून कधीतरी नाकात येतो आणि जीव हळवा होतो बघ. डॉक्टर अधूनमधून यायचे. एरवी सगळा कारभार आम्हा सुईण-सिस्टरांचा. मोठ्या सिस्टर तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी मी आले होते, नवी कोरी.

छापखानेवाल्याची बायको यायची तपासून घ्यायला. दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी तिला कुठेतरी उताणी निजवून, पाय बांधून ठेवलं होतं.

“काय चाललंय ते कोणी सांगितलंच नाही हो,” ती म्हणाली. “नुसती छताकडे बघत होते. या वेळी मला माझ्या मनासारखं हवंय.”

मी तिला स्पष्ट सांगितलं. “तुमचं रक्त, रक्तदाब, बाळाची जागा, सगळं ठीक आहे, म्हणून इथे चालेल. उभं राहा, गुडघ्यांवर बसा, कुशीवर वळा, गरम पाण्यात बसा, जसं सोसेल तसं. पण काही बिघडतंय असं वाटलं, तर गाडी बोलवून हॉस्पिटल गाठायचं. तिथे हट्ट नाही.”

“नाही करणार हट्ट,” ती म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या बुटक्या लाकडी खुर्चीवरून हात फिरवत राहिली. समोरून अर्धचंद्रासारखी कापलेली, बाळंतपणाचीच खुर्ची ती. “हिला पाठ कशी नाही?”

“पाठ नवऱ्याची. तो मागे बसतो, तुम्ही त्याच्यावर रेलायचं.”

ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. “माझ्या नवऱ्याची? अहो, बोट कापलं तर रक्त दिसू नये म्हणून तो वर शाई फासतो!”

तिची वेळ आली ती धुक्याच्या दिवसात. दुपारीच दिवे लावावे लागले होते. खिडकीबाहेर नुसतं पांढरं, आवाज म्हणून नाही. दुसरी सिस्टर तापानं घरी पडलेली. मी आणि ते दोघं, बस. ती खुर्चीवर बसली, तो बिचारा मागे. मी समोर जमिनीवर. थोडा वेळ बरा गेला. मग पाण्याबरोबर रक्ताची एक रेघ आली आणि त्याचा चेहरा कागदासारखा झाला.

“सिस्टर… मला गरगरतंय…”

“पडवीत जाऊन बसा. डोकं खाली घाला.”

तो भिंत धरत गेला. दार लागलं. त्याच क्षणी तिला मोठी कळ आली आणि तिनं अंग मागे टाकलं.

“अहो, पडाल!” मी हात पुढे केले.

ती पडली नाही.

मागे कोणीच नव्हतं. रिकामी हवा, तिच्यापलीकडे भिंत. आणि त्या हवेवर ती सगळ्या भारानिशी रेलली होती. टाचा उचललेल्या, डोळे मिटलेले. काखेखाली गाऊन ताणला गेला होता, कोणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखा. खोलीत एक वास पसरला. ओल्या कपड्यांचा… आणि शिळ्या दुधाचा.

“तिथेच… हां… थोडं खाली दाबा…” ती पुटपुटली.

“कोणाला सांगताय?”

“ह्यांना… मागच्या सिस्टरना.”

पळावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बाळाचं डोकं दिसत होतं. तिथून कुठली सुईण पळते गं?

डोकं बाहेर आलं. ‘आता जोर लावा’ असं मी म्हणणार, तेवढ्यात तीच म्हणाली, “त्या म्हणतायत… थांब. नुसता श्वास सोड…”

माझी बोटं आपोआप बाळाच्या मानेकडे गेली. नाळ. घट्ट. एक वेढा काढला, त्याखाली दुसरा. तोही डोक्यावरून सोडवला. मग बाळ सुळकन हातात आलं. निळं, लुळं. मी पुसतेय, पाठ चोळतेय, श्वास द्यायचा रबरी फुगा नाकातोंडावर धरून दाबतेय… आणि खुर्चीमागे कोणीतरी श्वास रोखून धरलाय, हे मला कळत होतं.

बाळ रडलं. मुलगी. मागे एक लांब सुस्कारा आला आणि तिचं अंग हळूच सरळ झालं, कोणी अलगद उठवून बसवल्यासारखं.

नवरा आत येऊन हुंदके देत होता. ती इकडेतिकडे बघत म्हणाली, “त्या सिस्टर कुठे गेल्या? हात किती गरम होते त्यांचे.”

“त्यांची ड्युटी संपली,” मी म्हटलं.

पुढे सुट्टी मिळाली तशी मी मोठ्या सिस्टरांच्या घरी गेले. त्या विणत बसल्या होत्या. सगळं ऐकताना त्यांच्या सुया थांबल्या.

“पाठ मोकळी राहिली होती ना?”

“हो.”

“मग येते ती. आपल्यातलीच सिस्टर, माझ्या शेवटच्या वर्षी इथेच बाळंतपणात गेली, बाळासकट; पाठीला कोणी नव्हतं. कोणाचं वाईट केलं नाही तिनं कधी.” सुया पुन्हा चालवत त्यांनी विचारलं, “बाळ रडल्यावर खुर्चीमागे बघितलंस?”

“नाही.”

“बघूही नकोस.”

नाही बघितलं. कधीच नाही. म्हणून तुला सांगते, रक्तदाब चढला, बाळ आडवं असलं, तर सरळ हॉस्पिटल धर. सगळं नीट असेल तर सिस्टरांकडे खुशाल जा, हवं ते विचार, हवी तशी बस. पण पाठीशी आपलं माणूस बसव. घट्ट मनाचं.

एक गोष्ट मात्र मी मोठ्या सिस्टरांनाही सांगितली नाही. त्या संध्याकाळी गाऊन बदलताना छापखानेवाल्याच्या बायकोच्या पाठीवर दोन तळव्यांचे लाल ठसे दिसले. आणि त्यांच्या खाली, मधोमध, तिसरा. इवलासा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा, पाची बोटं पसरलेला.

पुढेही कधीमधी कोणाची पाठ मोकळी राहायची. प्रसूतिगृह बंद झालं, त्या वर्षीच्या शेवटच्या बाळंतिणीची पाठ मीच पुसली. मोठे ठसे होते तसेच होते. छोटा मात्र… शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाताएवढा झाला होता.