आधीचं नुकसान

बाबागाडी काही केल्या मिटेना.

विमानाचं दार चार पावलांवर होतं. मागे विमानाला जोडलेल्या त्या लांब बोळात चाळीसेक प्रवासी खोळंबले होते, आणि ती एका हाताने बोक्याला कडेवर सावरत दुसऱ्या हाताने गाडीच्या दांड्याखालची कळ दाबत होती. खांद्यावर लंगोट-दुपट्यांची पिशवी, कोपराला अडकवलेली कारसीट, दातांत बोर्डिंग पास. बोका म्हणजे तिच्या ताईचा मुलगा. वय सात महिने, वजन विचारू नये असं. सकाळी घरी तिने गाडी तीनदा मिटून पाहिली होती आणि तिन्ही वेळा ती शहाण्यासारखी मिटली होती. आता मात्र इतक्या लोकांसमोर अडून बसली.

एरवी तिच्या हाताला यश होतं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. कुणालाच न सापडणारी शीर तिला एका झटक्यात सापडायची. आज त्याच हाताला घाम फुटला होता.

"कळ नाही, आधी पाय," बाजूच्या जिन्यावरून आवाज आला.

"काय?"

"मागच्या दांडीवर पाय द्या. मग कळ. आणि मग जरा... समजूत काढायची तिची."

खाली विमानापाशी उतरणाऱ्या लोखंडी जिन्याच्या दारात तो उभा होता. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात कानावर लावायची ती जाडजूड झापडं, आणि बाहेरच्या भुरभुर पावसाने ओले झालेले केस. तो वाकला, त्याने पाय दिला, कळ दाबली, आणि गाडी गुपचूप मिटली. तिला गाडीचा भयंकर राग आला.

त्याने गाडीला आणि कारसीटला कागदी पट्टी बांधली, तिच्यावर काहीतरी खरडलं आणि खालचा तुकडा फाडून पुढे केला. "बाळाची आई, हा तुकडा जपून ठेवा."

"मी आई नाही. मावशी आहे."

"बरं," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "मावशी, हा तुकडा जपून ठेवा."

चांगला बत्तिशीचा बाप्या, आणि अठ्ठाविशीच्या मुलीला मावशी म्हणतो. तिच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण मागे कुणीतरी मोठ्याने घसा खाकरला आणि ते तिथेच राहिलं.

दोन तासांनी विमान उतरलं. त्या टोकाच्या दारात गाडी परत मिळाली, तेव्हा तिने पट्टी पाहिली. पट्टीवर 'आधीचं नुकसान' असा एक रकाना छापलेला होता. सामान कुठे मोडलं तर नंतर तक्रार नको, म्हणून चढवण्याआधीच काय काय मोडलेलं आहे ते तिथे लिहून ठेवायची पद्धत. त्यात बॉलपेनने लिहिलं होतं – 'दांड्याला ओरखडे. पुढचं डावं चाक सैल. मावशी फार दमलेल्या.'

ती वाचून हसली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. महिनाभरात ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती.

झालं होतं ते असं. ताईला दुसऱ्या शहरात सहा महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं होतं. राहायचं वसतिगृहात, आणि तिथे मूल चालत नव्हतं. भावोजी जहाजावर. म्हणून बोका आजीकडे आणि मावशीकडे. सकाळी सहा ते बारा ती लोकांचं रक्त काढायची आणि बारानंतर बोका तिचं काढायचा. शिवाय महिन्यातून एकदा दोन दिवस त्याला आईच्या कुशीत नेऊन आणायचं. सहा महिने संपले की बोका कायमचा ताईकडे जाणार, असं ठरलं होतं. सहा महिने म्हणजे काय, चुटकीसरशी जातील, असं म्हणणाऱ्या कुणालाच रात्री उठावं लागत नव्हतं.

त्या वेळी परत येताना, दुसऱ्या टोकाला गाडी देण्याआधी तिने पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं – 'मावशी दमलेल्या नाहीत. चाक मात्र खरंच सैल आहे.' इकडे विमानाच्या पोटातून गाडी काढून वर आणायचं काम त्याचंच. ती दाराबाहेर आली, तेव्हा तो पट्टी वाचतच उभा होता.

"नोंद चुकली का माझी?" त्याने विचारलं.

"चुकली."

"मग तुमच्या दोन पायांत दोन वेगळे मोजे कसे?"

तिने खाली पाहिलं. एक निळा होता, एक राखाडी. बोका त्याच्याकडे बघून खिदळला. आपल्याच घरचा माणूस असा फितूर झालेला पाहून ती गाडी ढकलत निघाली, पण बोळाच्या वळणावर तिने मागे वळून पाहिलंच.

दुसऱ्या महिन्यात पट्टीवर होतं – 'आसनाला बिस्किटाचा चुरा. मावशींच्या डोळ्यांखाली काळं. मोजे जोडीचे.' तिने मागे उत्तर लिहिलं – 'तुमच्या जाकिटाची चेन तुटलेली. ही नोंद कुणी करायची?' तिसऱ्या महिन्यात दारात दुसराच माणूस होता. त्याने भराभरा काम उरकलं आणि रकान्यात लिहिलं, 'नुकसान नाही.' ती दोन तास खिडकीशी घुश्शात बसली. नुकसान नाही म्हणे.

परतीला मात्र तो होता. "परवा सुटी होती," तिने न विचारताच तो म्हणाला. "बदलून मागितली होती, दिली नाही."

"मला काय त्याचं?" ती म्हणाली, आणि मग स्वतःच्याच कोरड्या आवाजाची लाज वाटून तिने विचारलं, "तुम्ही कधी बसलायत का हो विमानात?"

"नाही. बारा वर्षं झाली, रोज दारापर्यंत येतो." तो हसला. "तिथून लोक पुढे जातात. मी जिना उतरतो."

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं, की घरी गेल्यावरही ते तिच्या कानात राहिलं. बोक्याला झोपवताना, लॅबमध्ये नळ्यांवर नावं चिकटवताना ते मधूनच आठवायचं. आपण पुढच्या महिन्याची वाट बघतोय हे तिने चौथ्या महिन्यात कबूल केलं. अर्थात फक्त स्वतःशी. भेट म्हणायची तर एका खेपेला जाताना दीड मिनिट, येताना दीड मिनिट. आणि तेवढ्यासाठी ती केस धुवायला लागली होती. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही. "विमानाला केस धुतलेले लागतात होय गं?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती डाळ निवडत राहिली.

सहावा महिना आला.

ही शेवटची खेप होती. ताईला तिथेच नोकरी लागली होती, घर मिळालं होतं. बोका आता वर्षाचा, भिंत धरून चालणारा, 'मावची' म्हणणारा. तो जाणार म्हणून तिचं काळीज आठवडाभर आधीपासून गलबललं होतं, आणि त्या दुःखाच्या आड एक दुसरं दुःख लपलं होतं. बोका नाही म्हणजे विमान नाही. विमान नाही म्हणजे ते दार नाही.

"कारसीट लहान झाली याला," गाडी मिटता मिटता तो म्हणाला.

"ताईने नवी घेतलीय. गाडीही नवीच. म्हणाली, ही जुनी इथेच टाकून दे." तिने श्वास घेतला. "आज शेवटचं. परत येईन ती एकटीच."

त्याचा हात कळीवर थांबला. "म्हणजे... परवा?"

"परवा. मग नाही."

तो काहीतरी बोलणार होता. "मावशी, मी..." असं म्हणालासुद्धा. पण दारातली हवाईसुंदरी घड्याळाकडे बोट दाखवायला लागली. तेव्हा त्याने खिशातून पेन काढलं आणि पट्टी भिंतीवर धरून लिहायला घेतलं. रकाना भरला, पट्टी उलटी केली, पाठीवरही लिहिलं. तिच्याकडे न बघताच त्याने खालचा तुकडा दिला आणि गाडी उचलून तो जिना उतरून गेला.

आता दोन तासांनी वाचायला मिळेल, या आशेवर ती बसली. पण बोक्याचं पोट बिघडलं. तो तिच्या अंगावर ओकला, शेजारच्या काकांच्या वर्तमानपत्रावर ओकला, आणि उतरल्यावर पुन्हा एकदा, नुकत्याच मिळालेल्या गाडीवर. ती पुसत सुटली. ओले रुमाल, घाणेरडं दुपटं, गाडीला लोंबणारा भिजका कागद, सगळं ओरबाडून तिने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि ती दिसेल त्या पहिल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. बाहेर ताई हात पसरून उभी होती.

पट्टीची आठवण तिला संध्याकाळी न्हाणीघरात झाली. नळ तसाच सोडून ती खाली बसली आणि रडली. बोका सुटणार म्हणून रडतेय असं समजून ताई दाराबाहेरून समजूत घालत राहिली. ताईचं अर्धं खरं होतं.

निघायच्या दिवशी बोका ताईच्या खांद्यावर झोपला होता. तिने त्याच्या पावलाचा मुका घेतला आणि जुनी गाडी उघडली.

"ही कशाला परत नेतेस?" ताई म्हणाली. "चाक धड नाही तिचं."

"असू दे."

"त्यात बसवणार कुणाला?"

"असू दे म्हटलं ना, ताई."

विमानात शेजारची जागा रिकामी होती. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. झोपही लागली नाही. उतरल्यावर तिने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि शेवटी दाराबाहेर पाय टाकला.

तो जिन्यापाशी उभा होता. समोर उघडलेली रिकामी बाबागाडी, आणि तोंडभर हसू. एवढं हसताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"आणलीत," तो म्हणाला.

"हो."

"मला खात्री नव्हती. दोन दिवस हे खिशात घेऊन फिरतोय." त्याने जाकिटातून एक कोरं करकरीत छोटं चाक काढलं. "पण तुम्ही वाचलंत आणि..."

"मी वाचलं नाही," ती म्हणाली.

त्याचं हसू जागच्या जागी विझलं.

"बोका ओकला. पट्टी कचऱ्यात गेली. मी... काय लिहिलं होतं?"

त्याने हातातलं चाक उलटसुलट फिरवलं. लिहायचं ते त्याला नीट जमायचं, बोलणं ही दुसरी गोष्ट होती.

"लिहिलं होतं... गाडी टाकू नका. चाक मी बसवून देईन. मला तुम्ही आवडता, फार. तुमच्या मनात तसं काही असेल तर गाडी परत आणा, मी समजेन. नसेल तर तिकडेच टाका, तेही समजेन." मग त्याने मान वर केली. "पण वाचलंच नाहीत, तर आणलीत कशाला?"

"तुमच्या हातात द्यायला," ती म्हणाली. "दुसरं काहीच नव्हतं माझ्याकडे तुमच्या हातात द्यायला."

विमानातून झाडूवाल्या बाया बाहेर येऊन थांबल्या होत्या. त्यांतल्या एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. त्याला त्याचं भान नव्हतं.

"चारला सुटतो मी," तो म्हणाला. "अजून दोन तास आहेत. तुम्ही दमला असाल..."

"दमलेय," ती म्हणाली. त्याच्यापाशी हे तिने पहिल्यांदा मान्य केलं. "थांबते बाहेर बाकावर."

"आणि आता तुम्हाला म्हणायचं काय? मावशी तर म्हणता येणार नाही."

"चारपर्यंत विचार करा."

तिने आपली पिशवी गाडीत ठेवली आणि सैल चाकाच्या खडखडाटात ती बोळातून निघाली. बाहेर सामानाच्या सरकत्या पट्ट्यासमोर एक बाक होता. ती बसली, एक हात सवयीने गाडीच्या दांड्यावर ठेवला, आणि सहा महिन्यांची साठलेली झोप तिच्यावर एकदम कोसळली.

तो चार वाजून दहा मिनिटांनी आला, जाकीट काढून, केसांवर पाण्याचा हात फिरवून. ती बसल्या बसल्या गाढ झोपली होती. एक मोजा निळा होता, एक राखाडी. त्याने हाक मारायला तोंड उघडलं, आणि काय हाक मारायची हे आपण अजून ठरवलंच नाही हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने हाक मारलीच नाही. तो शेजारी जमिनीवर बसला आणि दांड्यावरचा तिचा हात हलणार नाही अशा बेताने त्याने ते चाक बसवायला घेतलं.